अ‍ॅपला ‘आपण’ कळत नाही

इंग्रजीच्या तासाला स्मार्ट पॅनेल, टॅब, भाषांतराची अ‍ॅप्स आल्यावर मुलांमधला जिव्हाळा आणि लोकशाहीची मूल्यं टिकवायची कशी, असं तुम्ही विचारलंय. मी कराड तालुक्यात आठवीला इंग्रजी शिकवतो. आधी फसलेलं सांगतो.

पॅनेल आलं तेव्हा मी रोज क्विझ घ्यायचो. नाव आणि गुण पडद्यावर, वरून खाली. वर्गात नुसता कल्ला! मला वाटलं, जमलं. पंधरा दिवसांनी लक्षात आलं, सगळ्यात खाली नाव असणारी पोरगी मानच वर करत नाही. यादी बंद केली.

आता टॅब तिघांत एक. तिघांनी बोलून उत्तर दाबायचं. ज्याचं पटलं नसेल त्यानं का ते वहीत लिहायचं. एकदा दोघांनी मिळून ‘ही डोन्ट’ पास केलं आणि वहीतलं एकट्याचं ‘डझन्ट’ बरोबर निघालं. गट चिठ्ठ्या टाकून पाडतो. मुलांवर सोडलं तर वाडीनुसार बसतात, आणि त्याचा अर्थ इकडच्या माणसाला सांगायला नको. आमच्याच तालुक्यातल्या काले गावी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढणाऱ्या भाऊरावांनी साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली. आपल्याला एका टॅबपुढं बसवायला काय होतंय?

अ‍ॅप मी वापरू देतो, पण त्याच्याशी भांडायला लावतो. ‘वी आर गोइंग टु द फेअर’ला अ‍ॅपनं दिलं, ‘आम्ही जत्रेला जात आहोत’. एक पोरगा म्हणाला, “सर, तुम्ही बी पालच्या जत्रंला येणार असला तर ‘आपण’ की!” इंग्रजीत एकच ‘वी’, मराठीत दोन. समोरचा त्यात धरलाय का, हे त्या एका वाक्यावरून अ‍ॅपला कुठून कळणार? ते माणसालाच विचारावं लागतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला उद्देशिका झाली आणि तीच मघाची पोरगी उठली. “सर, ‘आम्ही, भारताचे लोक’ का? ‘आपण’ का नाही?” मी सरळ उत्तर दिलं नाही. इंग्रजी उद्देशिका पॅनेलवर लावली आणि ‘अवरसेल्व्ज’ शोधायला सांगितलं. मराठीत तिथं ‘स्वतःप्रत अर्पण’ आहे. अर्धा तास वाद. धडा राहिला तो राहिलाच.

शेवटी तीच म्हणाली, “म्हंजे देणारं बी आम्ही, घेणारं बी आम्हीच. ऐकायला बाहेरचं कोण न्हाईच की.”