ऑस्टिन की श्टुटगार्ट?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी चिंचवडला गाड्यांच्या सॉफ्टवेअरचं काम करतो. अमेरिकेतलं ऑस्टिन (एच-वन-बी, म्हणजे तिथला नोकरीचा व्हिसा) आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट (ब्लू कार्ड, म्हणजे तिथला नोकरीचा परवाना) अशा दोन ऑफर आहेत. ऑस्टिनचा पगार जवळपास दुप्पट. बायको टेस्टिंगमध्ये नोकरी करते, यंदा बाळ होणार आहे. घरचे म्हणतात, अमेरिकाच! तुम्ही दोन्हीकडे राहिलात, काय करावं?
— एक वाचक

उत्तर : पगाराचं नंतर बघू. नोकरी गेली तर काय, हे आधी विचारा.

मोंटाना सोडलं तर अमेरिकेत सगळीकडे मालक कारण न सांगता, नोटीस न देता काढू शकतो. फक्त भेदभावासारखं बेकायदा कारण नसावं. न्यू जर्सीत माझ्या शेजारच्या डेस्कवरच्या नांदेडच्या मुलाला सकाळी एचआरचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्याचं कार्ड दारावर चालेना. मुलाचे फोटो, पाण्याची बाटली, सगळं सिक्युरिटीवाल्यासमोर खोक्यात भरावं लागलं. एच-वन-बीवर अशा वेळी जास्तीत जास्त 60 दिवस हातात असतात. तेवढ्यात नवी नोकरी मिळवा, नाहीतर बिऱ्हाड गुंडाळा. कंपनीचा आरोग्यविमा चालू ठेवायचा तर सगळा हप्ता आपल्या खिशातून. तान्ह्या बाळासकट हे निभावणं फार अवघड आहे.

जर्मनीत नोटीस कागदावर, सहीनिशीच लागते. ईमेल चालत नाही. कंपनीत कामगार परिषद (कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती) असेल तर आधी तिचं म्हणणं ऐकावं लागतं. कामगार न्यायालयात जायला तुम्हाला 3 आठवडे मिळतात. पण प्रोबेशनच्या पहिल्या 6 महिन्यांत 2 आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं. तेवढ्या काळात कर्जाच्या भानगडीत पडू नका.

आता बाळाचं. अमेरिकेतली 12 आठवड्यांची कायदेशीर रजा बिनपगारी, तीही त्याच कंपनीत वर्ष भरल्यावर. म्हणजे यंदा तुमच्या कामाची नाही. कंपनी स्वतःहून काय देते, ते लेखी घ्या. जर्मनीत आई-बाप दोघांनाही नोकरी धरून प्रत्येकी 3 वर्षांपर्यंत पालकत्व रजेचा हक्क आहे, आणि त्यासाठी वर्ष भरावं लागत नाही. शिवाय ब्लू कार्डवाल्याच्या बायकोला लगेच नोकरी करता येते. अमेरिकेत तुमचं ग्रीन कार्डचं काम बरंच पुढे सरकेपर्यंत त्यांना घरी बसावं लागेल. चांगली नोकरी करणाऱ्या बाईची अशी वर्षं गेलेली मी जवळून पाहिली आहेत. मला ते फार लागतं.

गेल्या दिवाळीच्या रजेत मला फ्लू झाला. डॉक्टरचा दाखला दिल्यावर आजारपणाचे दिवस रजेच्या खात्यात परत जमा झाले. जर्मनीत कायदाच तसा आहे.

पैसे मात्र अमेरिकेतच जास्त उरतील. इकडे जर्मनीत कर आणि विम्यांत पगाराचा तिसरा हिस्सा सहज जातो. तरी तुमच्या जागी मी श्टुटगार्टच घेतलं असतं. ब्लू कार्डवर बी-वन (मधल्या पातळीचं) जर्मन आलं तर 21 महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, नुसत्या ए-वन या सुरुवातीच्या पातळीवर 27 महिन्यांत. तेव्हा पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात दोघांचीही नावं आत्ताच घाला.