माझगाव डॉक या मुंबईतल्या जहाजबांधणी कारखान्यात सध्या नवीन काय घडतंय?

सगळ्यांना आठवतो तो १५ जानेवारी २०२५ चा दिवस. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या सुरत, निलगिरी आणि वाघशीर या तिन्ही नौका मुंबईत एकदमच नौदलात दाखल झाल्या. वाघशीर ही माझगाव डॉकने नौदलासाठी बांधलेल्या स्कॉर्पिन वर्गातल्या सहा पाणबुड्यांपैकी सहावी आणि शेवटची.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते एआयपीचं, म्हणजे बाहेरच्या हवेशिवाय पाणबुडीला ऊर्जा देणाऱ्या यंत्रणेचं काम. डिझेल पाणबुडीला बॅटरी चार्ज करायला पृष्ठभागाजवळ यावंच लागतं आणि नेमकी तिथेच ती शत्रूला सापडते. एआयपी बसवलं की ती कितीतरी जास्त काळ खोल पाण्यात राहू शकते. डीआरडीओ या संरक्षण संशोधन संस्थेच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेने विकसित केलेली, इंधनघटावर (फ्युएल सेलवर) चालणारी ही यंत्रणा स्कॉर्पिनमध्ये बसवण्यासाठी डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकशी करार झाला. यंत्रणा अंबरनाथची, पाणबुडी माझगावची, याचा मनापासून अभिमान वाटतो!