मिस्सानंतरचं आरोग्य टेबल: नव्या स्वयंसेवकासाठी

खानापूर-निपाणी पट्ट्यात चर्चमधून आरोग्याचं काम सुरू करताय, तर पहिल्याच रविवारी तंबाखूवर भाषण देऊ नका. प्रोचास्का आणि डिक्लेमेंटे या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीप्रमाणे माणूस टप्प्याटप्प्याने बदलतो. मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची उपासना, संपल्यावर एकच विचारा: "येत्या महिन्यात तंबाखू सोडायचा विचार आहे का?" 'नाही' म्हणणाऱ्याशी वाद नको, फक्त बीपी तपासा. पाच मिनिटं टेकून बसवा, पाय जमिनीवर, दंडावरचा पट्टा हृदयाच्या पातळीला. मिनिटभराने पुन्हा मोजा. घाईत घेतलेला आकडा फसवतो.

'हो' म्हणणाऱ्याबरोबर तारीख ठरवा, पुडी कुठून येते आणि तलफ कधी येते ते लिहून घ्या. ईस्टरआधीच्या उपवासकाळात सोडणारे पुष्कळ. ईस्टरच्या जेवणानंतर परत धरणारेही तितकेच. म्हणून खरी भेट ईस्टरनंतरच्या आठवड्यात हवी, तीही घरी.

बीपीसाठी मीठही बघा, मोजायला सोपं: माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चौघांना महिन्याला ६०० ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड धरून. मिठाच्या पुडीवर उघडल्याची तारीख लिहायला सांगा.

वेदीवरून कुणाचं नाव घेऊ देऊ नका. लाजलेला माणूस टेबलाकडे फिरकत नाही. आणि प्रार्थनेसोबत बीपीची गोळी चालूच राहील, हे फादरांच्याच तोंडून वदवून घ्या.