एक्सेलमध्ये कॉलमला नाव दिलं की फॉर्म्युल्यात #स्पिल! का येतं?

तुमचा प्रश्न असा आहे की दोन कॉलमना क्वांटिटी आणि रेट अशी नावं दिली, शेजारी =क्वांटिटी*रेट लिहून खाली ओढलं तर #स्पिल! येतंय, आणि सहकाऱ्याच्या जुन्या एक्सेलमध्ये मात्र हेच बरोबर चालतं. शिवाय ओळीलाही नाव देऊन दोन नावांनी एकच सेल पकडता येतो का, तर हो येतो, पण ते नंतर, आधी स्पिल.

चूक तुमची नाही. जुन्या एक्सेलमध्ये अख्ख्या कॉलमचं नाव लिहिलं तरी फॉर्म्युला ज्या ओळीत आहे त्याच ओळीची किंमत ते गुपचूप उचलायचं. २०२१ आणि ३६५ मध्ये तसं होत नाही, नाव म्हणजे पूर्ण रेंज (त्या नावाखालचे सगळे सेल), त्यामुळे ५० ओळी असतील तर एका सेलमधून ५० उत्तरं खाली सांडतात, आणि खाली आधीच काही भरलेलं असेल तर एरर. तुम्ही ओढलंय म्हणजे खालचा प्रत्येक सेल भरलेलाच आहे. शेवटची ओळ जरा नीट बघा, तिथे एरर नसेल पण उत्तर पहिल्या ओळीचं असेल! एररपेक्षा हे जास्त धोक्याचं, कारण दिसायला सगळं ठीक दिसतं.

उपाय दोन. ओढायचंच असेल तर =@क्वांटिटी*@रेट असं लिहा, @ म्हणजे 'याच ओळीतलं'. सहकाऱ्याची जुनी फाईल तुमच्याकडे उघडलीत तर एक्सेलने स्वतःच ते @ घातलेलं दिसेल. नाहीतर फॉर्म्युला फक्त सगळ्यात वरच्या ओळीत लिहा, खालचं रिकामं ठेवा आणि ते आपोआप भरू द्या.

आता ओळ आणि कॉलम. समजा वरती महिने आहेत आणि डावीकडे भाडं, वीज, इंटरनेट. हेडिंगसकट सगळा चौकोन सिलेक्ट करा, कंट्रोल शिफ्ट एफ३ दाबा, वरची ओळ आणि डावा कॉलम या दोन्हींवर टिक करा, ओके. झालं, प्रत्येक ओळीला आणि कॉलमला नाव मिळालं. मग =वीज मार्च असं लिहा, मधे फक्त स्पेस, ना स्वल्पविराम ना अधिक. दोन रेंज जिथे एकमेकींना छेदतात तो सेल मिळतो, आणि कुठेच छेदत नसतील तर #नल! येतं. मला ही एक्सेलमधली सगळ्यात कमी वापरली जाणारी चांगली गोष्ट वाटते, सहा महिन्यांनी फाईल उघडली तरी फॉर्म्युला वाचता येतो, डी७ म्हणजे काय होतं ते शोधत बसावं लागत नाही. (२००३ पर्यंत तर नाव न देता नुसतं हेडिंग लिहूनही हे चालवता यायचं, २००७ मध्ये ते काढून टाकलं.)

एक भानगड मात्र आहे. नावात स्पेस चालत नाही, हेडिंगमध्ये असेल तर त्या जागी अंडरस्कोर येतो. आणि इंग्रजीत महिन्याची तीन अक्षरं आणि त्याला चिकटून २०२४ असं हेडिंग असेल तर ते नाव म्हणून चालतच नाही, कारण २००७ पासून कॉलम तीन अक्षरांपर्यंत जातात आणि तो खराखुरा सेलचा पत्ता होतो. तेव्हा #नेम? (म्हणजे एक्सेलला नाव ओळखता आलं नाही) दिसलं की कंट्रोल एफ३ दाबून नेम मॅनेजरमध्ये नाव नक्की काय पडलंय ते बघा. हाताने नेम बॉक्समध्ये (फॉर्म्युला बारच्या डावीकडचा छोटा चौकोन) नाव टाकत असाल तर एंटर दाबायला विसरू नका, नुसतं बाहेर क्लिक केलं की नाव गायब, हे मी आजही करतो.

पण खरं सांगू का, क्वांटिटी आणि रेटसारख्या वाढत जाणाऱ्या यादीला मी आता नावं देतच नाही. माझ्या एका शीटमध्ये नाव ५० व्या ओळीपर्यंत होतं, मी खाली नवीन ओळी भरत गेलो आणि बेरीज जिथल्या तिथेच, ना एरर ना काही, बरेच दिवस चुकीचा आकडा पुढे पाठवत होतो. मधे ओळ घुसवली तर रेंज वाढते, शेवटी खाली लिहिलं तर वाढत नाही. त्यामुळे अशा यादीत क्लिक करून कंट्रोल टी दाबा आणि तिचं टेबल करा, मग =[@क्वांटिटी]*[@रेट] एकदा लिहिलं की पूर्ण कॉलम भरतो आणि नवीन ओळीलाही लागतो. फक्त टेबलच्या आत साधी नावं @ शिवाय वापरू नका, तिथे स्पिल चालतच नाही.

नावं मी ठेवलीत ती फक्त टॅक्सच्या दरासारख्या एकट्या सेलला आणि वरच्या महिन्यांच्या चौकोनासारख्या न वाढणाऱ्या तक्त्याला. तुमच्या केसमध्ये क्वांटिटी, रेटचं टेबल करा आणि आधी दिलेली दोन नावं नेम मॅनेजरमधून उडवून टाका, पण त्याआधी दुसऱ्या शीटवर कुठे वापरली असतील तर ते फॉर्म्युले बदला.