घोडा आधी घोडा असतो

प्रश्न: एरिश मारिया रेमार्कच्या 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' (1929) या कादंबरीवर आमच्या वाचनकट्ट्यात बोलायचं आहे. जखमी घोडे म्हणजे निष्पाप जीव आणि उंदीर म्हणजे शत्रू, असं मांडलं तर चालेल का? (एक वाचक, सांगली)

उत्तर: घोड्यांचं निम्मं बरोबर आहे, उंदरांचं चुकतंय. आधी घोडे घ्या. पहिल्या महायुद्धात एकेका मैदानी तोफेला सहा-सहा घोडे जुंपलेले असत, शिवाय दारूगोळ्याच्या आणि शिध्याच्या गाड्या. म्हणजे आघाडीवर घोडा असणं ही रोजची गोष्ट. लेखकाने तो प्रतीकासाठी मुद्दाम आणलेला नाही.

चौथं प्रकरण पुन्हा उघडा आणि क्रम पाहा. कादंबरीतले जर्मन सैनिक तारेचं कुंपण घालायला निघतात, तेव्हा वाटेत तोफखान्याचे घोडे दिसतात. चांदण्यात त्यांच्या पाठी चमकताहेत, माना उडवताहेत, सगळं दृश्यच देखणं. मग भडिमार होतो आणि अंधारातून आवाज येऊ लागतो. मराठीत घोडा खिंकाळतो, पण इथे तो शब्द लावू नका. या किंकाळ्या आहेत, आणि त्या कुणाच्या हे आधी कळतही नाही. जखमी घोडे आहेत, हे तुकडीतला मुरलेला सैनिक काट सांगतो. त्यांच्यातलाच डेटरिंग बंदूक रोखतो, पण काट त्याची नळी वर उडवतो. आधी जखमी माणसं उचलायची, मगच घोड्यांना गोळ्या घालायच्या, अशी रीत. घोड्यांनी कुणाचं काय वाकडं केलंय, हा डेटरिंगचा सवाल आहे.

डेटरिंगच का? तो शेतकरी आहे. त्याच्या डोक्यात घोडा म्हणजे नांगर, गोठा, घर. 'निष्पाप जीव' हा अर्थ खरा आहे, पण तो डेटरिंगच्या तोंडून येतो म्हणून खरा वाटतो. हे सुटलं की हाती नुसती घोषणा उरते.

आता उंदीर. सहाव्या प्रकरणात ते पाव कुरतडतात. सैनिक कुरतडलेले तुकडे कापून खंदकात मध्यभागी ढीग घालतात, हाताशी फावडी घेऊन अंधारात दबा धरतात. कुरतडण्याचा आवाज आला की टॉर्च लावून सगळे एकदम घाव घालतात. याच प्रकरणात संगिनीपेक्षा धार लावलेलं फावडं समोरासमोरच्या झुंजीत किती कामाचं, हेही येतं. अवजार तेच, फक्त समोर माणूस. शिवाय आघाडीचा पट्टा लागताच आपण जनावरं होतो, असं कथा सांगणारा सैनिक पाउल स्वतः चौथ्या प्रकरणातच सांगून बसलेला आहे. तेव्हा उंदीर शत्रूकडे नाही, सैनिकांकडेच बोट दाखवतो. माझ्या मते कादंबरीतला सर्वांत बेरका दुवा हाच.

प्रश्न: याच कादंबरीतल्या प्राण्यांवर बोलायला दहाच मिनिटं आहेत. तयारी कशी करू? उवा, बदकं, फुलपाखरं, सगळं घ्यायचं का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: सगळं घेऊ नका, दोन प्राणी पुरेत. पेन्सिल घेऊन बाराही प्रकरणं चाळा आणि प्राणी दिसला की समासात चार गोष्टी टिपा: तो कोण पाहतो, पाहणाऱ्याच्या हातात काय आहे, लगेच आधी काय झालं, लगेच नंतर काय झालं. एखाद्या प्राण्यापुढे शेवटचे दोन रकाने कोरे राहिले तर तो सोडून द्या. ओढून-ताणून अर्थ लावला की श्रोत्यांना ते लगेच कळतं.

ट्याडन या सैनिकाच्या उवा अशाच सोडण्यासारख्या. बूटपॉलिशच्या डबीचं झाकण तारेने मेणबत्तीच्या तुकड्यावर धरायचं, त्यात उवा टाकायच्या, तडतड आवाज आला की काम झालं. प्रसंग जबरदस्त आहे, पण तिथे ऊ म्हणजे ऊच. चोरून आणून भाजलेला हंसही जेवणच आहे. त्या रात्रीचा विषय पाउल आणि काटची जवळीक. (ते बदक नव्हे, तेवढं सुधारून घ्या.)

फुलपाखरं मात्र घ्या. सहाव्या प्रकरणात पिवळ्या पंखांवर लाल ठिपके असलेली दोन फुलपाखरं खंदकासमोर बागडतात. आसपास मैलोन्‌मैल ना झाड ना फूल. ती बसतात एका कवटीच्या दातांवर. एवढा उतारा आधी सावकाश वाचून दाखवा. वाचून झाल्यावर क्षणभर थांबा आणि मगच अर्थाकडे वळा.