घरं दुरुस्त करायला शिकतो म्हणणारा मुलगा

"मॅडम, सिव्हिल इंजिनिअरिंगमध्ये आता काही राम राहिलाय का?"

मी करिअर समुपदेशक. बारावीचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे नेमाने येतो. विचारणारे बहुधा वडील असतात. मी 'नाही' म्हणावं, हे त्यांच्या आवाजातच असतं. मुलगा, हल्ली मुलगीसुद्धा, शेजारी मान खाली घालून बसलेली असते. यंदाही असे पालक आले, म्हणून मागच्या एका मुलाची गोष्ट सांगते. त्याला ओंकार म्हणू. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर नाशिकच्या सिडकोतलं. वडील जवळच्या अंबड औद्योगिक वसाहतीत एका कंपनीत, आई घरीच शिवणकाम करते. ओंकार बारावी शास्त्र झालेला, सीईटीचे गुण बेताचे. मॅनेजमेंट कोट्यातून का होईना, त्याने कॉम्प्युटरलाच जावं, असं वडिलांचं म्हणणं. त्यासाठी पीएफमधून पैसे काढायचीही त्यांची तयारी होती. मुलाला सिव्हिलचा डिप्लोमा करायचा होता आणि पुढे घरांचीच कामं, त्यातही जुनी घरं सुधारायची, कमी तापणारी, कमी वीज खाणारी करायची. 'ग्रीन रिमॉडेलिंग' हे नाव त्याने मोबाइलवर कुठेतरी वाचलं होतं आणि ते तो फार जपून उच्चारत होता.

"डागडुजी करायला शिक्षण कशाला लागतं?" वडील म्हणाले. "आमच्या गल्लीतला मिस्त्री करतोच की."

अशा वेळी मी लगेच अभिरुची चाचणी काढत नाही. "या कामातलं आजवर स्वतःच्या हाताने काय केलंस?" एवढंच विचारते. बरीच मुलं इथे अडखळतात. ओंकारने पिशवीतून वही काढली.

सिडकोची मूळ घरं लहान. कुटुंब वाढलं की लोक वर एक खोली चढवतात. त्यांच्याही घरावर अशी खोली होती, पश्चिमेची भिंत साडेचार इंची, वर उघडा स्लॅब. मे महिन्यात तिथे पंखा लावला तरी गरम वारा खाली यायचा. ओंकारने गच्चीच्या अर्ध्या भागावर चुन्यात फेविकॉल कालवून दोन हात मारले, उरलेला अर्धा तसाच ठेवला आणि दोन्ही भागांखाली छताला थर्मामीटर टांगून दुपारी तीनचे आकडे लिहिले. चुन्याखाली दोनतीन अंश कमी. एका पानावर शेरा होता: "आज ढग, आकडा धरू नये." तो शेरा पाहून मला मुलगा आवडला. ज्याला आपल्या बाजूचा आकडा खोडता येतो त्याला मोजमापाचं काम झेपतं.

वडिलांना मात्र वहीचं काही वाटलं नाही. ते परत परत 'स्कोप'वर येत होते. मी नाशिकच्या सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांचा विषय काढला, तर "2027 नंतर काय?" हे तयारच. बरोबर आहे त्यांचं. शिवाय ती कामं मुख्यतः रस्ते, घाट, पूल यांची. ती पाहून घरबांधणीत पडू नये, हे मीही सांगते. पण मी एका शंकेचं उत्तर दिलं की दुसरी पुढे यायची. असं झालं की मी उत्तरं देणं थांबवते. खरी गोष्ट अजून टेबलावर आलेलीच नसते.

ती आईने आणली. "भाऊजींचं काय झालं ते सांगा ना मॅडमना."

वडिलांचा धाकटा भाऊ बांधकामाची छोटी कामं घ्यायचा. पाथर्डी फाट्याकडे एका बंगल्याचं काम त्याने मटेरियलसकट ठोक भावात घेतलं. मध्येच सळई महागली. मालकाने जिना फिरवून घेतला, वर एक खोली वाढवली, सगळं तोंडी. "होऊन जाईल हो, आपण काय परके आहोत का?" शेवटचा हप्ता आलाच नाही. मजुरांचे पैसे द्यायला काकूंचे दागिने गहाण गेले, ते सोडवायला ओंकारच्या वडिलांनी कर्ज काढलं. त्याचे हप्ते अजून चालू होते.

म्हणजे प्रश्न सिव्हिलला राम आहे का, हा नव्हताच. आपल्या घरातला आणखी एक माणूस दुसऱ्याच्या घरात पैसे अडकवून बसेल का, ही ती भीती होती. आणि ती खोटी नाही. या धंद्यात काम मिळत नाही म्हणून माणसं कमी बुडतात. केलेल्या कामाचे पैसे निघत नाहीत म्हणून जास्त बुडतात.

मी वडिलांना एवढंच म्हटलं, "भाऊ, तुमच्या भावाला बांधकाम येत होतं. त्याला काय येत नव्हतं?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहून घेणं."

पुढची सगळी चर्चा या दोन शब्दांवर झाली. आधी नकाशा आणि अंदाजपत्रक, वाढीव कामाचा दर आधी ठरवून त्यावर मालकाची सही, काम जिथवर आलं तिथवर हप्ता, आणि हप्ता आला नाही तर पुढचं काम थांबवायची हिंमत. यातलं बरंचसं डिप्लोमाच्या एस्टिमेटिंग-कॉस्टिंगच्या विषयात असतं. मुलं ते परीक्षेपुरतं पाठ करतात आणि सोडून देतात. हिंमत अर्थात कुठल्याच विषयात शिकवत नाहीत. त्यासाठी सुरुवातीची काही वर्षं दुसऱ्याच्या पगारावर काम करावं. तिथे चूक झाली तर ओरडा खावा लागतो, दागिने जात नाहीत.

मग मी ओंकारची बाजू तपासायला घेतली, कारण तोही काही कमी हवेत नव्हता. त्याला 'इको निवास संहिता' माहीत होती. निवासी इमारतींच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी, याचा ऊर्जा दक्षता ब्युरोने 2018 मध्ये घालून दिलेला दंडक, चौरस मीटरला 15 वॉटच्या आत. 'गृह' आणि आयजीबीसी ही हिरव्या इमारतींची मानांकनंही त्याला तोंडपाठ होती. पण भिंतीला ओळंबा कसा लावतात ते त्याने पाहिलं नव्हतं, आणि वाळूचा ब्रास म्हणजे शंभर घनफूट, हे त्याला मी सांगितलं. (मला कसं माहीत? नाशकात घर बांधलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. तो हिशेब न कळल्याचे पैसे आम्ही मोजलेले असतात.)

माझ्या ओळखीचे एक ठेकेदार कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या जुन्या अपार्टमेंटमध्ये दुरुस्तीची कामं करतात. प्रवेशाला अवकाश होता तेवढे दिवस ओंकारला त्यांच्याकडे पाठवलं. अट एकच, रोज संध्याकाळी वहीत लिहायचं: आज काय आवडलं, काय नकोसं झालं.

नकोसं बरंच होतं. मजूर सांगितलेल्या वेळी येत नाहीत. घरमालक ऐनवेळी फरशी बदलतो. राहत्या घरात काम म्हणजे स्वयंपाकघरात धूळ, आजोबांची दुपारची झोप आणि खालच्या मजल्यावरून येणारी तक्रार, हे सगळं आपल्याच डोक्यावर. "कामापेक्षा बोलणंच जास्त आहे," असं एका पानावर त्रासून लिहिलं होतं.

आणि मग एका बाथरूमचं पान. वॉटरप्रूफिंग झालं होतं, गळती तपासायला नहाणी ट्रॅपचं, म्हणजे पाणी वाहून जायच्या जाळीचं, तोंड बंद करून पाणी भरून ठेवलं होतं. ओंकारने पाण्याच्या पातळीवर भिंतीला पेन्सिलीने रेघ मारून तारीख-वेळ लिहिली. दुसऱ्या दिवशी फरशीवाला आला, त्याला दुसरीकडेही जायचं होतं, म्हणून प्लंबर तोंड उघडायला निघाला. ओंकारने त्याला रेघ दाखवली. पाणी रेघेच्या बोटभर खाली गेलं होतं. इतकं काही एका रात्रीत सुकून जात नाही. शोधल्यावर कोपऱ्यात पाइपाभोवतीची भेग निघाली. फरशीवाला शिव्या घालत परत गेला. ठेकेदारांनी ओंकारला शाबासकी दिली नाही, फक्त पुढच्या घरचं पाणी भरायचं काम त्याच्याकडे दिलं. वहीत त्या दिवशी 'आवडलं' खाली एवढंच होतं: "रेघ."

हिरव्या घरांचा खरा धंदा कसा चालतो तेही त्याला तिथेच कळलं. 'माझं घर पर्यावरणपूरक करून द्या' असा फोन सहसा कोणी करत नाही. लोक फोन करतात ते छत गळतंय म्हणून, वरची खोली तापते म्हणून, बिल फार येतं म्हणून. गळतीला गेलेल्या माणसाने उतार दुरुस्त करून वर पांढरा चायना मोझॅक, म्हणजे टाइलच्या तुकड्यांचा थर, सुचवला की गळतीही थांबते आणि खोलीही निवते. पश्चिमेच्या खिडकीवर नीट छज्जा, 75 वॉटच्या जुन्या पंख्याजागी तीसेक वॉटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा, पावसाचं पाणी बोअरकडे वळवणं, हे सगळं दुरुस्तीच्याच दारातून आत शिरतं.

सौरचं उदाहरण मी आता प्रत्येक पालकाला देते. फेब्रुवारी 2024 मध्ये पीएम सूर्यघर योजना आली, तीन किलोवॉटला 78 हजारांचं अनुदान. गच्च्यांवर पॅनेलं चढू लागली. घाईत स्टँडचे बोल्ट थेट गच्चीच्या कोब्यात, म्हणजे गळती रोखणाऱ्या वरच्या थरात, ठोकले, तर पावसाळ्यात खाली गळती. पॅनेलवाला म्हणतो गच्ची जुनीच होती, वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो तुम्ही भोकं पाडलीत. कोबा न फोडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड कसा उभा करायचा आणि वाऱ्याला तो कसा टिकेल, हे दोन्ही समजणारा माणूस हवा असतो. तो सहज सापडत नाही.

म्हणून ओंकारला सांगितलं, मानांकनाच्या परीक्षा नंतर. आधी साधं बांधकाम पक्कं कर. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राची राख विटांत वापरतात हे ठाऊक असणं चांगलं, पण राख मिसळलेल्या सिमेंटच्या काँक्रीटला सातऐवजी किमान दहा दिवस पाणी मारावं लागतं, हे ठाऊक असून ते मारून घेता येणं जास्त महत्त्वाचं.

मार्गाचं फार अवघड नव्हतं. बारावी शास्त्र झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, म्हणजे दोन वर्षांत पदविका. पुढे वाटलं तर पदवीलाही थेट दुसरं वर्ष. शिक्षणाला एवढा वेळ नसेल त्यांच्यासाठी सातपूरच्या आयटीआयसारख्या ठिकाणचे ट्रेड आहेत, आणि चांगला प्लंबर किंवा वायरमन होणं यात कमीपणा मानणाऱ्यांनी एकदा रविवारी प्लंबर शोधून पाहावा. डिझाइनची खरी ओढ असेल तर नाटा ही प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांचं आर्किटेक्चर, पण ती वाट वेगळी आणि खर्चीक. वडिलांना सर्वांत दिलासा मिळाला तो, सिव्हिलच्या पदविकेवर सरकारी खात्यात कनिष्ठ अभियंत्याची परीक्षा देता येते हे कळल्यावर. ओंकारला त्यात काडीचा रस नव्हता. मी त्याला डोळ्यांनीच गप्प राहायला सांगितलं.

पगाराबद्दल मी गोड बोलले नाही. साइटवरच्या नव्या मुलाचा पगार सुरुवातीला कमी असतो, सुट्ट्या कमी, ऊन जास्त. कॉम्प्युटरला गेलेला मित्र काही वर्षं पुढे दिसेल, आणि दिवाळीला मावशी ते बोलून दाखवेल. आईने साइटवरच्या संगतीचं आणि उंचीवरच्या कामाचं विचारलं. दोन्ही काळज्या रास्त आहेत. हेल्मेट आणि पट्टा न देणाऱ्या ठेकेदाराकडे पोराला ठेवू नका, तो पैशांतही तसाच निघतो.

शेवटी वडिलांनीच एक अट घातली, आणि ती मला सुचली नव्हती. प्रवेश घेण्याआधी ओंकारने काकांसोबत बसून त्या बंगल्याचा सगळा हिशेब कागदावर मांडायचा. काका आधी तयार नव्हते. मग बसले. जिना फिरवल्याचे किती, वरच्या खोलीचे किती, सळईतल्या फरकाचे किती. बुडालेल्या रकमेचा मोठा हिस्सा तोंडी वाढवलेल्या कामाचा निघाला. भाववाढीचा वाटा, काका इतकी वर्षं सांगत होते त्याच्या निम्माही नव्हता. पैसे परत मिळायची आशा नव्हतीच. पण वडील तो कागद घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "पीएफ राहू द्या. डिप्लोमाचं शुल्क पगारातून निघेल."

ओंकार आता दुसऱ्या वर्षाला आहे आणि सुट्टीत त्याच ठेकेदारांकडे जातो. वडील नातेवाइकांना 'इंजिनिअरिंगला आहे' इतकंच सांगतात, शाखा विचारली की विषय बदलतात.