तेर्स चुकला म्हणून एटीकेटी लागली का?

“मावशी, मी वेंगुर्ला तालुक्यातली. रत्नागिरीत हॉस्टेलला राहून बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला शिकते. आम्ही कॅथलिक. घरी रोज दिवेलागणीला सगळे मिळून तेर्स, म्हणजे माळेवरची रोझरीची प्रार्थना, म्हणतो. इथे खोलीत आम्ही तिघी, बाकीच्या दोघी हिंदू. त्यातली एक संध्याकाळी बिनधास्त रामरक्षा म्हणते, माझा तेर्स मात्र जूनपासून सुटला. पहिल्या सेमिस्टरला केमिस्ट्रीत एटीकेटी लागली. आई म्हणाली, ‘देवाक इसारलंस, म्हणान ह्यां झालां.’ तेव्हापासून रात्री अकराला पांघरुणात तोंड घालून पाचही रहस्यं, म्हणजे अख्खा तेर्स, म्हणायला घेते. अर्ध्यावर झोप लागते आणि पहाटे दचकून जाग येते. आई रोज फोनवर विचारते, ‘तेर्स केलंस काय गो?’ मी दरवेळी हो म्हणते. मेसमध्ये जेवणाआधी क्रुसाची खूण करायलाही हात उठत नाही. देव माझ्यावर रागावला असेल का?”

पोरी,

तेर्स कधीपासून चुकला ते तू महिन्यासकट लिहिलंस. केमिस्ट्रीचं पुस्तक किती दिवस उघडलं नव्हतंस, ते मात्र पत्रात कुठेच नाही. मी दोनदा वाचून पाहिलं.

मी वसईची. इंटरला असताना रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसायचे, घरी रोझरी एक दिवस चुकली नव्हती, आणि लॉजिकमध्ये सरळ नापास झाले. कारण साधं होतं. लॉजिक मला कळत नव्हतं आणि विचारायची लाज वाटत होती. तुझ्या वर्गात देवाचं नावही न घेणारी मुलं केमिस्ट्रीत सुटली असतील. त्यांना कुणी पास केलं म्हणशील?

आईवर मात्र चिडू नकोस. कोकणातली माणसं देवाशी हिशेबानेच बोलतात. तुमच्या गावात गाऱ्हाणं घालताना ‘व्हय महाराजा’ म्हणतात, आणि आपली माणसं सप्टेंबरात बांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचं घर नाहीतर मेणाचा पाय वाहून येतात. फरक काय तो मेणाचा. पण हा हिशेब तुला अभ्यासात परवडायचा नाही. उद्या सगळे तेर्स म्हणून झाले आणि तरीही पेपर कठीण गेला, तर तू देवावर रुसणार की स्वतःला आणखी पापी समजणार? मला दुसऱ्याचीच भीती वाटते.

रविवारचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, चुकवू नये ही चर्चची आज्ञा आहे. रोजची रोझरी ही तशी आज्ञा नाही. ती चुकली तर पाप लागत नाही, वाटलं तर जवळच्या फादरना विचार. डोंगरावरच्या प्रवचनात येशू म्हणतो, प्रार्थना करायची तर खोलीत जा आणि दार लावून घे. (एका खोलीत तिघी म्हटल्यावर दार लावूनही काही उपयोग नाही, ते सोड.) त्याच्या लगेच पुढे तो सांगतो, फार बोललं म्हणजे देव ऐकतो असं समजू नका. आणि मग शिकवतो ती प्रार्थना, ‘आमच्या स्वर्गातील बापा’. ती म्हणायला एक मिनिटही लागत नाही.

आता तुझ्यासारख्याच एका विद्यार्थ्याची गोष्ट. हा विद्यार्थी म्हणजे संत इग्नेशियस लोयोला, ज्याने पुढे येशूसंघ स्थापन केला. जन्म 1491 चा. सैनिकी आयुष्य सोडून, तिशी उलटल्यावर तो बार्सिलोनात लॅटिन शिकायला बसला. व्याकरण पाठ करायला घेतलं की त्याला देवाचे सुंदर सुंदर विचार सुचायचे, मन भरून यायचं आणि पाठांतर तिथेच राहायचं. शेवटी त्याच्या लक्षात आलं, की मिस्साला किंवा प्रार्थनेला बसल्यावर आपल्याला इतकं काही सुचत नाही, पुस्तक उघडलं की मात्र सुचतं. मग हा देवाचा आवाज नव्हे, हा मोह आहे. तो उठून गुरुजींकडे गेला आणि त्यांना वचन दिलं, की पोटाला भाकरी-पाणी मिळतंय तोवर पुढची दोन वर्षं तुमचा तास लक्ष देऊनच ऐकेन. पुढे येशूसंघाचे नियम लिहिताना शिकणाऱ्या तरुणांसाठी त्याने प्रार्थनेचा वेळ बेतानेच ठेवला, कारण अभ्यासाला अख्खा माणूस लागतो हे त्याने स्वतः भोगलं होतं. दिवसातून दोनदा थांबून मागे वळून बघणं मात्र त्याने त्यांना सोडू दिलं नाही. आज काय मिळालं, कुठे घसरलो, एवढंच.

तेव्हा अकराचा तो पांघरुणातला प्रकार आजपासून बंद. ती प्रार्थना नाही, दंड भरणं आहे. त्या वेळी झोप. केमिस्ट्री पहाटे कर, नाहीतरी दचकून उठतेसच.

तेर्स संध्याकाळी म्हण, तोही एकच रहस्य, दहा मण्यांचं. मैत्रीण रामरक्षा म्हणते त्याच वेळी तू तुझ्या कॉटवर माळ घेऊन बस. तिची वेळही दिवेलागणीचीच आहे, तुमच्या घरची आहे तीच. तिला काय वाटेल, असं तुझ्या मनात येईल. मी पहाटेच्या लोकलने वसईहून दादरला कॉलेजला जायचे. शेजारच्या डब्यात भजनी मंडळी टाळ कुटत अख्खी गाडी डोक्यावर घ्यायची, आणि मी मात्र पर्समध्ये हात घालून आतल्या आत मणी मोजायचे. दोन वर्षं. एक दिवस समोरची भाजीवाली म्हणाली, “बाहेर काढ ती माळ, पैसे मोजतेस असं वाटतं आणि चोर बघतात.” तेव्हापासून बाहेर काढली. कुणी वळूनही पाहिलं नाही, खरं तर मला थोडं वाईटच वाटलं.

मेसचं फार मनावर घेऊ नकोस. हात उठेल तेव्हा उठेल. तोवर पहिल्या घासाआधी मनातल्या मनात आभार मान.

राहिलं आईचं. हे खोटं थांबव. आमची थोरली जाऊ शिरोड्याची, म्हणून तुमच्याकडची रीत मला ठाऊक आहे. तेर्स संपला की पोरं थोरल्यांपुढे जाऊन बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागतात. तुझ्या आईपुढे जूनपासून कुणी बेसांव मागायला येत नाही. फोनवर ती विचारते तेर्सचं, पण तिला चुकल्यासारखं वाटतं ते ह्याचं, असा माझा अंदाज आहे. उद्या फोन तू कर, तिच्या आधी. सरळ सांग, “आई, इथं पुरो तेर्स जमणा नाय, इतके दिवस खोटां सांगलंय.” ती दोन दिवस बोलेल, बोलू दे. मग तुझं ते एक रहस्य रोज फोनवर दोघी मिळून म्हणा आणि शेवटी बेसांव माग.

आणि हो, एटीकेटीचा फॉर्म भरलास का? तेही पत्रात नाही.

तुझी,
मावशी